आयर्लंडमधील स्त्रीमताधिकार आणि राष्ट्रवाद: १९१२ ते १९१६ या चार वर्षांत नेमके काय बदलले?

शब्दवेल (प्रश्न)

नमस्कार.

आमच्या वाचनमंडळात पुढील महिन्यात मला आयर्लंडच्या स्वातंत्र्यलढ्यावर बोलायचे आहे. त्या तयारीत १९१६ च्या ईस्टर उठावाच्या जाहीरनाम्याचा मराठी अनुवाद करायला घेतला आणि पहिल्याच शब्दांशी अडखळले. २४ एप्रिल १९१६ रोजी डब्लिनच्या जनरल पोस्ट ऑफिससमोर पॅट्रिक पिअर्स यांनी जो मजकूर वाचून दाखवला, तो आयर्लंडच्या पुरुषांना आणि स्त्रियांना उद्देशून आहे. पुढे सर्व नागरिकांना समान हक्क व समान संधी यांची हमी दिलेली आहे आणि जे कायमचे सरकार स्थापन होईल ते देशातील सर्व स्त्रीपुरुषांच्या मतांनी निवडलेले असेल, असेही स्पष्ट शब्दांत म्हटले आहे. त्या दिवशी ब्रिटिश पार्लमेंटच्या निवडणुकीत एकाही स्त्रीला मत देता येत नव्हते, हे ध्यानात घेतले म्हणजे या वाक्यांचे वजन कळते.

माझी अडचण यापुढची आहे. त्याआधी अवघी चार वर्षे, १९१२ मध्ये, जॉन रेडमंड यांच्या आयरिश पार्लमेंटरी पक्षाने स्त्रीमताधिकाराच्या विधेयकाविरुद्ध मते टाकली आणि होमरूलच्या, म्हणजे आयर्लंडला स्वतःचे पार्लमेंट देण्याच्या, विधेयकातही स्त्रियांना स्थान मिळू दिले नाही. त्याच वर्षी हॅना शीही स्केफिंग्टन यांनी सरकारी इमारतीच्या काचा फोडल्या आणि तुरुंगवास पत्करला. हॅना यांचे वडील डेव्हिड शीही हे त्याच पक्षाचे खासदार होते आणि स्वतः देशासाठी तुरुंगात जाऊन आलेले होते. म्हणजे एका राष्ट्रवादी घरातील मुलगी राष्ट्रवादी पक्षाच्याच विरोधात उभी राहिली होती.

या दोन चित्रांचा मेळ कसा घालावा? चार वर्षांत मतपरिवर्तन झाले, की दोन्ही वेळचे राष्ट्रवादी मुळातच वेगळे होते? आणि चळवळीतील स्त्रिया स्वतः काय म्हणत होत्या? आधी स्वराज्य की आधी मताधिकार, हा वाद वाचताना मला पुन्हा पुन्हा आपल्याकडील आगरकर आणि टिळक यांच्यातील ‘आधी सामाजिक की आधी राजकीय’ या वादाची आठवण होते. ही तुलना व्याख्यानात करावी की नाही, याविषयीही जाणकारांचे मत हवे आहे.

दप्तरदार

प्रश्न नेमका आहे, आणि त्याचे उत्तर आपल्या दुसऱ्या पर्यायाच्या जवळ जाणारे आहे. १९१२ चे राष्ट्रवादी आणि १९१६ चे राष्ट्रवादी हे वेगळे लोक होते. तरीही एवढे म्हणून थांबणे मला योग्य वाटत नाही, कारण १९१६ च्या लोकांना ते शब्द लिहावेसे वाटले यामागे स्त्रियांनी मधल्या वर्षांत घेतलेले कष्ट आहेत.

आधी १९१२ पाहू. रेडमंड यांचा पक्ष सनदशीर मार्गाने होमरूल मागत होता. १९१० च्या निवडणुकांनंतर ॲस्क्विथ यांचे लिबरल सरकार आयरिश खासदारांच्या पाठिंब्यावर टिकून होते आणि त्याच बळावर होमरूलचे विधेयक कित्येक वर्षांनी पुन्हा दृष्टिपथात आले होते. ॲस्क्विथ यांचा स्त्रीमताधिकाराला व्यक्तिशः विरोध होता. मंत्रिमंडळात या प्रश्नावर फूट पडली, सरकार गेले, तर होमरूलही जाईल, ही भीती आयरिश पक्षाला होती. पूर्वी या मागणीला अनुकूल असलेले खासदारही त्यामुळे मागे फिरले आणि मार्च १९१२ मध्ये मर्यादित स्त्रीमताधिकाराचे विधेयक २०८ विरुद्ध २२२, म्हणजे अवघ्या १४ मतांनी पडले. इंग्लंडमधील स्त्रियांनाही मतापासून वंचित ठेवणारा हा पराभव आयरिश मतांमुळे घडला होता, आणि त्याचा राग लंडनमध्ये जेवढा होता तेवढीच त्याची लाज डब्लिनमधील स्त्रियांना वाटत होती. रेडमंड यांचा स्वतःचाही स्त्रीमताधिकाराला विरोधच होता, तेव्हा सगळा दोष परिस्थितीवर टाकता येणार नाही.

आता हॅना यांच्याकडे वळतो. नोव्हेंबर १९०८ मध्ये हॅना आणि मार्गारेट कझिन्स यांनी आपापल्या पतींच्या साथीने आयरिश विमेन्स फ्रँचाइझ लीग स्थापन केली. इंग्लंडमधील पॅंकहर्स्ट मायलेकींच्या संघटनेचा लढाऊ बाणा त्यांनी घेतला, परंतु तिची शाखा होण्याचे मात्र टाळले, कारण आयर्लंडमधील चळवळ लंडनहून चालवली जावी हे त्यांना मान्य नव्हते. ही संघटना स्वतःला राष्ट्रविरोधी कधीच समजत नव्हती. तिची मागणी एवढीच होती की, डब्लिनमध्ये जे पार्लमेंट येणार आहे त्याच्या मतदारयादीत स्त्रियांची नावे असावीत.

१ जून १९१२ रोजी डब्लिनच्या एन्शंट कॉन्सर्ट रूम्समध्ये सर्व छटांच्या स्त्रीसंघटनांची मोठी सभा झाली आणि होमरूल विधेयकात स्त्रीमताधिकाराचे कलम घालावे असा ठराव करून तो मंत्र्यांना व आयरिश खासदारांना पाठवण्यात आला. त्याची दखल घेतली गेली नाही. त्यानंतर १३ जूनच्या पहाटे आठ स्त्रियांनी जनरल पोस्ट ऑफिस, कस्टम हाउस, डब्लिन कॅसल अशा सरकारी इमारतींच्या काचा फोडल्या. हॅना यांच्या वाट्याला कॅसलच्या खिडक्या आल्या होत्या. हा क्रम मुद्दाम सांगतो, कारण ‘काचा फोडणाऱ्या बायका’ एवढेच चित्र मनात राहिले तर आधीची सभा, ठराव आणि उत्तरादाखल मिळालेले मौन विसरले जाते.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये होमरूल विधेयकावर मजूर पक्षाचे खासदार फिलिप स्नोडन यांनी स्त्रियांच्या बाजूची दुरुस्ती मांडली. ती १४१ विरुद्ध ३१४ मतांनी फेटाळली गेली.

कृष्णाकाठ

दप्तरदार यांनी पार्लमेंटची बाजू उत्तम मांडली आहे. मी स्त्रियांच्या आपसांतील वादाविषयी लिहिते, कारण मला त्या सगळ्या इतिहासात तोच भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

१९०० साली मॉड गॉन यांनी ‘आयर्लंडच्या कन्या’ या अर्थाच्या आयरिश नावाची संघटना काढली. राष्ट्रवादी मंडळांत स्त्रियांना सभासद करून घेत नसत, म्हणून त्यांनी स्वतःचे मंडळ स्थापले. याच संघटनेचे ‘बॅन ना हेरन’ म्हणजे ‘आयर्लंडची स्त्री’ हे मासिक १९०८ पासून हेलेना मोलोनी यांच्या संपादनाखाली निघू लागले. या स्त्रिया मताधिकाराच्या विरोधात नव्हत्या. राष्ट्राचे स्वातंत्र्य आणि स्त्रीजातीवरील सर्व बंधनांचा अंत, ही दोन्ही उद्दिष्टे त्या एकाच दमात सांगत. त्यांचा आक्षेप वेगळा होता. ज्या पार्लमेंटचा आयर्लंडवरील अधिकारच आपण मानत नाही त्याच्या दारात मतासाठी याचना का करायची, असे त्यांचे म्हणणे होते. आपण आधी स्वतंत्र होऊ आणि मत आपल्याच पार्लमेंटकडून घेऊ, या भूमिकेत स्वाभिमान होता हे कोणीही मान्य करील.

हॅना यांनी नोव्हेंबर १९०९ मध्ये त्याच मासिकात या भूमिकेला उत्तर दिले. मत ही नागरिकत्वाच्या कमानीची मधली चिरेबंदी शिळा आहे, ती हाती येत नाही तोवर रेडमंड यांच्या पार्लमेंटवादी पक्षात काय किंवा शिन फेन या स्वातंत्र्यवादी पक्षात काय, स्त्रीला फारशी किंमत राहणार नाही, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. तीन वर्षांनी रेडमंड यांच्या पक्षाने जे केले ते पाहता हा इशारा किती खरा होता ते दिसते.

२ एप्रिल १९१४ रोजी डब्लिनच्या विन्स हॉटेलमध्ये ‘कुमन ना मन’ म्हणजे ‘स्त्रियांचे मंडळ’ या संघटनेची स्थापना झाली आणि वाद धारदार झाला. आदल्या नोव्हेंबरात आयरिश व्हॉलंटियर्स हे पुरुषांचे स्वयंसेवक दल उभे राहिले होते. त्याला शस्त्रांसाठी निधी जमवून देणे आणि साहाय्य करणे हे या स्त्रीमंडळाच्या उद्दिष्टांत होते. दलाच्या कार्यकारिणीत मात्र स्त्रियांना जागा नव्हती. मताधिकार चळवळीचे ‘आयरिश सिटिझन’ हे साप्ताहिक मे १९१२ पासून निघत होते. निर्णयात वाटा नसलेली ही सेवा म्हणजे दास्यवृत्ती आहे, अशी कडक टीका त्याने केली. कुमन ना मनच्या स्त्रियांना ती झोंबली. आम्ही कोणाच्या आज्ञेत नाही, स्वतःच्या इच्छेने देशकार्य करत आहोत, असे त्यांचे उत्तर होते. कॉर्कच्या मेरी मॅकस्विनी आधी मताधिकार संघटनेत होत्या आणि पुढे कुमन ना मनमध्ये गेल्या. त्यांच्यासारख्या स्त्रियांना मताधिकाराच्या मागणीने राष्ट्रकार्यात फूट पडेल याची खरोखरची चिंता होती.

शब्दवेल, आगरकर आणि टिळक यांच्याशी तुलना करायचीच असेल तर एक भेद अवश्य सांगा. आपल्याकडील त्या वादात बोलणारे बहुतेक पुरुष होते आणि स्त्रिया हा वादाचा विषय होता. आयर्लंडमध्ये दोन्ही बाजूंनी स्त्रियाच बोलत होत्या, आणि बऱ्याचदा एकच स्त्री आयुष्याच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर दोन्ही बाजूंना उभी राहिलेली दिसते. शिवाय हा वाद संमतिवयाच्या कायद्यासारख्या एखाद्या सुधारणेपुरता नव्हता. राष्ट्र म्हणजे कोण, आणि त्याच्या वतीने निर्णय करण्याचा अधिकार कोणाला, हाच त्याचा विषय होता.

अनुराधा_नक्षत्र

या चर्चेत एक मोठा गट अजून आलेला नाही. आयर्लंडमधील मताधिकार चळवळीचा पाया ज्या स्त्रियांनी घातला त्यांपैकी अनेक जणी राष्ट्रवादी नव्हत्या. ब्रिटनशी असलेले एकत्व टिकावे असे मानणाऱ्या, म्हणजे युनियनवादी, अशा त्या होत्या. इझाबेला टॉड यांनी १८७० च्या दशकाच्या आरंभी बेलफास्टमध्ये मताधिकार संघटना काढली आणि होमरूलचा प्रश्न आला तेव्हा त्याला कसून विरोध केला. डब्लिनमध्ये ॲना हॅस्लम आणि त्यांचे पती थॉमस या क्वेकर पंथीय दांपत्याने १८७६ मध्ये संघटना स्थापली. सभा, अर्ज, पत्रे आणि खासदारांच्या भेटी, हा मार्ग त्यांनी चार दशके सोडला नाही. १८९६ मध्ये स्त्रियांना गरिबांच्या मदतीची व्यवस्था पाहणाऱ्या (पुअर लॉ) पालकमंडळांवर निवडून जाता येऊ लागले आणि १८९८ च्या कायद्याने स्थानिक निवडणुकांत मतही मिळाले, त्यात या चिकाटीचा मोठा वाटा आहे. या हक्कांचा उपयोग पुढे राष्ट्रवादी स्त्रियांनीही केला.

दुसरे असे की, स्त्रियांना होमरूलवाल्यांनी तेवढे निराश केले असा समज होऊ नये. उत्तरेकडील अल्स्टर प्रांतातील युनियनवाद्यांनी होमरूल आल्यास स्वतःचे हंगामी सरकार स्थापण्याची तयारी केली होती. त्या सरकारात स्त्रियांना मताधिकार असेल, असे आश्वासन सप्टेंबर १९१३ मध्ये देण्यात आले. १९१४ च्या वसंतात युनियनवाद्यांचे नेते कार्सन यांनी, आपल्या सहकाऱ्यांत एकमत नाही, हे कारण सांगून त्यातून अंग काढून घेतले. त्यानंतर इंग्लंडमधील लढाऊ संघटनेच्या स्त्रियांनी अल्स्टरमध्ये युनियनवाद्यांच्या मालमत्तांना आगी लावल्या आणि महायुद्ध सुरू होण्याच्या अगदी तोंडावर लिझबर्नच्या कॅथीड्रलमध्ये स्फोट घडवला. होमरूलविरोधी प्रतिज्ञेच्या वेळी, २८ सप्टेंबर १९१२ रोजी, दोन लाखांहून अधिक स्त्रियांच्या सह्या घेण्यात आल्या होत्या, पण पुरुषांनी सही केली ती मुख्य प्रतिज्ञेवर आणि स्त्रियांसाठी वेगळे घोषणापत्र होते. स्त्रियांच्या सह्या सर्वांना हव्या होत्या. त्यांची मते मात्र कोणालाच नको होती, हे मी दुःखाने लिहिते.

या दोन टोकांच्या मधे लुई बेनेट आणि हेलन शेनेविक्स यांनी १९११ मध्ये उभारलेला संघ होता. विखुरलेल्या छोट्या संघटनांना एकत्र आणून, होमरूलविषयी कोणाचे काहीही मत असो, मताधिकारापुरते सर्वांनी एकत्र राहावे असा प्रयत्न त्यांनी केला. महायुद्ध आणि उठाव यांनी हा मधला मार्ग अरुंद करून टाकला. तरी डिसेंबर १९१८ मध्ये नव्वदीला टेकलेल्या ॲना हॅस्लम मत द्यायला निघाल्या, तेव्हा युनियनवादी, होमरूलवादी आणि शिन फेनच्या अशा सर्व पक्षांच्या स्त्रिया त्यांच्यासोबत मतदान केंद्रावर गेल्या. या चळवळीतील माझे सर्वांत आवडते दृश्य हेच आहे.

शब्दवेल

सर्वांचे मनःपूर्वक आभार. अनुराधा, युनियनवादी स्त्रियांचा भाग माझ्या टिपणांत जवळपास नव्हताच, तो आता घेते. कृष्णाकाठ, तुलनेविषयीचा भेद पटला.

एक मुद्दा मात्र अजून सुटलेला नाही. जाहीरनाम्यावर सह्या करणारे सातही जण पुरुष होते, व्हॉलंटियर्सच्या कार्यकारिणीत स्त्रिया नव्हत्या, आणि तरीही जाहीरनाम्यात ‘सर्व स्त्रीपुरुषांच्या मतांनी’ हे शब्द आले. ते आले कुठून?

दप्तरदार

ते शब्द प्रामुख्याने कामगार चळवळीच्या वाटेने आले, असे माझे मत आहे. सात सह्यांपैकी एक कामगार नेते जेम्स कॉनोली यांची होती. १९१२ नंतरच्या काळात मताधिकाराच्या जाहीर सभांवर जमाव चालून येई, स्त्रियांना धक्काबुक्की होई. पंतप्रधान ॲस्क्विथ जुलै १९१२ मध्ये डब्लिनला आले असता इंग्लंडहून आलेल्या मेरी ली यांनी त्यांच्या गाडीत लहान कुऱ्हाड फेकली आणि ती रेडमंड यांना चाटून गेली. या कृत्याशी आयरिश संघटनेचा काही संबंध नव्हता, पण लोकक्षोभ त्या संघटनेलाच सोसावा लागला. अशा दिवसांत वाहतूक कामगार संघटनेच्या माणसांनी सभांना संरक्षण दिले आणि कॉनोली स्वतः या व्यासपीठावर येऊन बोलले. पुढे १९१३ च्या डब्लिनमधील मोठ्या टाळेबंदीत मताधिकार चळवळीतील स्त्रिया लिबर्टी हॉलमध्ये उपाशी कामगार कुटुंबांसाठी अन्न शिजवायला आणि वाढायला उभ्या राहिल्या. एकमेकांच्या संकटात धावून गेलेल्या माणसांमध्ये जो विश्वास निर्माण होतो तो ठरावांनी निर्माण होत नाही. कॉनोली यांच्या आयरिश सिटिझन आर्मी या कामगारांच्या सशस्त्र दलात कॉन्स्टन्स मार्किएविच आणि डॉक्टर कॅथलीन लिन यांच्यासारख्या स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने स्थान होते. या दोघीही मताधिकारवादी होत्या.

आणखी दोन धागे सांगतो. हॅना यांचे पती फ्रान्सिस (विवाहाच्या वेळी दोघांनी एकमेकांचे आडनाव आपल्या आडनावाला जोडले होते) हे शांततावादी होते. १९१५ मध्ये त्यांनी ‘आयरिश सिटिझन’मधून थॉमस मॅकडोना यांना अनावृत पत्र लिहून, तुमच्या दलात स्त्रियांना जागा का नाही याचा विचार करा, असा थेट प्रश्न टाकला होता. हे मॅकडोना जाहीरनाम्याच्या सात स्वाक्षरीकर्त्यांपैकी एक. दुसरा धागा जेनी वाइझ पॉवर यांचा. हेन्री स्ट्रीटवरील ज्यांच्या घरी जाहीरनाम्यावर सह्या झाल्या त्या जेनी या १८८१ च्या लेडीज लँड लीगमधील कार्यकर्त्या होत्या. आयरिश पक्षाचे तेव्हाचे पुढारी चार्ल्स पार्नेल तुरुंगात असताना त्यांची बहीण ॲना हिच्या नेतृत्वाखाली या स्त्रियांनी जमिनीचा लढा चालवला होता. पार्नेल सुटून आल्यावर त्यांनी पैसा अडवून ती संघटना बंद पाडली आणि भावाबहिणीत कायमचा दुरावा आला. गरज असेपर्यंत बोलवायचे आणि नंतर घरी पाठवायचे, हा अनुभव जेनी यांनी तरुणपणीच घेतला होता.

उठावात फ्रान्सिस शस्त्र न घेता, लूटमार थांबवण्यासाठी नागरिकांचे पथक उभारायला बाहेर पडले होते. त्यांना अटक झाली आणि २६ एप्रिल १९१६ रोजी पोर्टोबेलो बराकीत खटल्याशिवाय गोळ्या घालण्यात आल्या. हॅना यांनी सरकारने देऊ केलेली भरपाई नाकारली आणि अमेरिकेत जाऊन गावोगावी सभा घेतल्या. जानेवारी १९१८ मध्ये त्यांनी अध्यक्ष विल्सन यांची भेट घेऊन कुमन ना मनचे निवेदन त्यांच्या हाती दिले. १९१४ मध्ये ज्या संघटनेवर त्यांनी टीका केली होती तिचेच हे निवेदन होते. माझ्या मते याला शरणागती म्हणता येणार नाही, कारण आता प्रजासत्ताकाच्या जाहीरनाम्यातच स्त्रियांचे मत लिहिलेले होते आणि कुमन ना मनही त्या वचनाचा आग्रह धरू लागली होती.

तुरुंगातील उपोषणाविषयीही व्याख्यानात अवश्य बोला. मेरी ली आणि ग्लॅडिस एव्हान्स यांना १९१२ मध्ये डब्लिनच्या माउंटजॉय तुरुंगात उपोषण केल्यावर बळजबरीने नळीवाटे अन्न घालण्यात आले, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी आयरिश स्त्रीकैद्यांनीही अन्न सोडले. पाच वर्षांनी, सप्टेंबर १९१७ मध्ये, त्याच माउंटजॉयमध्ये राजकीय कैद्याच्या दर्जासाठी उपोषण करणारे थॉमस ॲश असेच बळजबरीने अन्न घातल्यानंतर मरण पावले. आयरिश प्रजासत्ताकवाद्यांचे म्हणून जे शस्त्र जगाला माहीत झाले, ते त्या देशात आधी मताधिकारवादी स्त्रियांनी हाती घेतले होते.

सदाशिवपेठी_वाचक

आपल्याकडील दुवा शोधायचा असेल तर मार्गारेट कझिन्स यांच्या आयुष्याकडे पाहावे, असे सुचवतो. फ्रँचाइझ लीगच्या या संस्थापिकेने १९१० मध्ये लंडनच्या हॉलोवे तुरुंगात आणि १९१३ मध्ये आयर्लंडमधील टलामोर तुरुंगात शिक्षा भोगली. टलामोरमध्ये त्यांनी राजकीय कैद्याच्या दर्जासाठी उपोषणही केले. त्या आणि त्यांचे पती जेम्स थिऑसॉफिस्ट होते. १९१५ मध्ये दोघे भारतात आले आणि मदनपल्ली येथे राहू लागले. १९१७ मध्ये त्यांनी ॲनी बेझंट आणि डोरोथी जिनराजदास यांच्यासह विमेन्स इंडियन असोसिएशन स्थापली. त्याच वर्षी डिसेंबरात मद्रासला ब्रिटिश सरकारचे भारतमंत्री माँटेग्यू यांच्यापुढे सरोजिनी नायडू यांच्या नेतृत्वाखाली जे स्त्रियांचे शिष्टमंडळ गेले, त्यामागे मार्गारेट यांचा मोठा वाटा होता. भारताला जे काही स्वराज्याचे हक्क द्याल त्यात स्त्रियांना वगळू नका, ही त्या शिष्टमंडळाची मागणी होती, आणि ती १ जून १९१२ च्या डब्लिनमधील ठरावाशी किती जुळते ते दप्तरदारांचा प्रतिसाद पुन्हा वाचून पाहावे. १९२१ मध्ये मद्रास आणि मुंबई प्रांतांनी, मालमत्तेच्या अटीवर का होईना, स्त्रियांना मत दिले.

त्यानंतर मार्गारेट यांनी देशभरातील स्त्रियांना पत्रे लिहून परिषदेची कल्पना मांडली आणि जानेवारी १९२७ मध्ये पुण्यात, फर्ग्युसन कॉलेजात, अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड यांच्या अध्यक्षतेखाली भरले. १९३२ मध्ये दडपशाहीच्या वटहुकमांविरुद्ध बोलल्याबद्दल मार्गारेट पुन्हा तुरुंगात गेल्या, या वेळी भारतासाठी. फर्ग्युसनच्या आवारातून मी अनेकदा गेलो आहे. टलामोरच्या कोठडीत अन्न नाकारणारी स्त्री त्याच आवारात उभी होती, ही गोष्ट मला फार उशिरा कळली.

कृष्णाकाठ

शेवटी १९१८ नंतरचा भाग थोडक्यात जोडते, कारण व्याख्यान १९१६ वर थांबले तर श्रोत्यांचा गैरसमज होईल.

फेब्रुवारी १९१८ च्या कायद्याने तीस वर्षांवरील, मालमत्तेची अट पूर्ण करणाऱ्या स्त्रियांना मत मिळाले. त्या डिसेंबरात कॉन्स्टन्स मार्किएविच डब्लिनमधून निवडून आल्या. वेस्टमिन्स्टरसाठी, म्हणजे ब्रिटिश पार्लमेंटसाठी, निवडून आलेली ही पहिली स्त्री तिथे गेलीच नाही, कारण शिन फेनचे सभासद डब्लिनमध्ये ‘डॉल’ ही स्वतःची लोकसभा भरवणार होते. एप्रिल १९१९ मध्ये त्या कामगारमंत्री झाल्या. एकवीस ते तीस वयाच्या स्त्रियांचे काय, हा प्रश्न राहिलाच होता. मार्च १९२२ मध्ये केट ओकॅलहन यांनी डॉलमध्ये तो मांडला. इंग्लंडशी झालेल्या तहावर लवकरच निवडणूक होणार होती आणि सभागृहातील सहाही स्त्रियांनी तहाविरुद्ध मत दिले होते. त्यामुळे नव्या मतदारयाद्या करण्याची ही मागणी तह उधळण्याचा डाव आहे, असे तहाच्या बाजूच्यांनी म्हटले आणि ठराव ३८ विरुद्ध ४७ मतांनी पडला. १९१२ मध्ये होमरूल संकटात येईल म्हणून स्त्रियांना थांबायला सांगितले होते. आता कारण तेवढे बदलले होते.

तरीही वचन पाळले गेले. डिसेंबर १९२२ मध्ये अंमलात आलेल्या आयरिश फ्री स्टेटच्या राज्यघटनेने एकवीस वर्षांवरील सर्व स्त्रीपुरुषांना समान मत दिले. ब्रिटनला त्यासाठी १९२८ उजाडावे लागले. हा जाहीरनाम्याचा खरा विजय आहे आणि तो कमी लेखू नये.

त्यानंतर मात्र मत हाती असलेल्या स्त्रियांना एकेका दारातून बाहेर काढले गेले. १९२५ मध्ये सरकारी नोकरीतील काही परीक्षा स्त्रियांना बंद करण्याचे विधेयक आले, १९२७ मध्ये ज्यूरीच्या कामातून त्यांना जवळपास वगळले गेले, १९३५ मध्ये कारखान्यांतील त्यांच्या रोजगारावर मर्यादा घालण्याचा अधिकार सरकारने घेतला आणि १९३७ च्या घटनेत स्त्रीच्या घरातील जीवनाचा गौरव करणारे कलम आले. दप्तरदारांनी उल्लेखलेल्या जेनी वाइझ पॉवर तोवर सेनेटर झाल्या होत्या आणि १९२५ च्या विधेयकाला त्यांनी तिथे उभे राहून विरोध केला. १९३७ च्या घटनेविरुद्ध हॅना आणि पदवीधर स्त्रियांनी मोहीम काढली, आणि १९१६ च्या जाहीरनाम्यातील समान हक्कांची शब्दरचना परत आणा, हेच त्यांचे मागणे होते. १९४३ मध्ये हॅना अपक्ष म्हणून निवडणुकीला उभ्या राहिल्या आणि पडल्या. घरातील जीवनाविषयीचे ते कलम बदलण्यासाठी मार्च २०२४ मध्ये सार्वमत झाले. पर्यायी मजकुराविषयीही अनेकांचे आक्षेप असल्याने तो प्रस्ताव मोठ्या फरकाने फेटाळला गेला आणि कलम आजही घटनेत आहे.

शब्दवेल

आपण सर्वांनी एवढ्या आस्थेने लिहिलेत, त्यामुळे माझ्या व्याख्यानाचा आराखडाच बदलला आहे. आता मी १ जून १९१२ च्या सभेपासून सुरुवात करून १९२२ च्या घटनेपर्यंत जाईन आणि पुण्याच्या अधिवेशनासाठी शेवटची दहा मिनिटे राखून ठेवीन.

अनुवादाविषयी एक सांगते. जाहीरनाम्याच्या पहिल्या शब्दांसाठी मी कच्च्या मसुद्यात ‘आयर्लंडच्या बंधूंनो आणि भगिनींनो’ असे लिहिले होते. आपल्या सभांमधील सवयीने हात आपोआप तिकडे वळला. परंतु ही चर्चा वाचल्यावर लक्षात आले की मुळात तिथे नातेसंबंधाचा शब्द नाही. ॲना पार्नेल बहीणच होत्या आणि त्यांची संघटना भावानेच बंद पाडली. हॅना खासदाराच्या कन्या होत्या आणि वडिलांच्या पक्षाने त्यांना मत नाकारले. जाहीरनामा स्त्रीला बहीण किंवा कन्या म्हणून हाक मारत नाही, नागरिक म्हणून मारतो. म्हणून ती ओळ खोडून मी ‘आयर्लंडच्या पुरुषांनो आणि स्त्रियांनो’ असे लिहिले आहे. मराठीत ते थोडे रुक्ष वाटते, पण तसेच ठेवणार आहे.